खुर्ची घे, फक्की घे आणि प्लॉटवर जा

भावा, कोल्हापुरात कळंब्याकडं दीड गुंठ्यात घर बांधायचंय, खाली-वर दोन मजले, आई-वडील, तुम्ही दोघं आणि दोन पोरं. हातात चार नकाशे आणि घरात रोज वाद. आमच्याकडं हे सगळं होऊन गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोल्या नंतर मोज, आधी जिना मोज. 10 फूट चढायला 6 इंचाच्या 20 पायऱ्या लागतात. दोन टप्प्यांत 10-10 केल्या, पाय ठेवायला 10 इंच धरले आणि मधे साडेतीन फुटाचं लँडिंग घेतलं, तर 7 बाय 11 फूट जागा जिन्यालाच गेली. दीड गुंठा म्हणजे 1633 चौरस फूट, त्यातून सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, सुटणार. म्हणून प्रत्येकजण जिन्यालाच कात्री लावतो. आम्ही 6 बाय 8 मध्ये बसवला. पायऱ्या 8 इंच उंच झाल्या. आईनं चार वर्षांत गच्ची बघितली नाही. सांडगे वाळत घालायला मला पिटाळते.

आई-वडिलांची खोली खालीच, आणि संडास-बाथरूम लागून. ही खोली 10 बाय 12 दाखवली असेल तर नकाशावर पलंग आखून बघ. 10 फुटांत पलंग साडेसहा फूट, समोर कपाट 2 फूट, मधे उरला दीड फूट. कपाटाचं दार उघडायचं तर माणसानं पलंगावर चढायचं! वर ते माप भिंतीच्या आतून धरलंय की बाहेरून, हेही विचार.

जोत्याचा, म्हणजे जमिनीपासून घराची फरशी किती उंच घ्यायची याचा, पेच वेगळाच आहे. 2019 आणि 2021 चा पूर बघितल्यापासून कोल्हापुरात जो तो जोतं उंच मागतो. तुझ्याकडं पंचगंगेचं पाणी येत नसलं तरी रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो, म्हणून रस्त्यापासून 2 फूट तरी घेच. पण 2 फुटाला व्हीलचेअरचा उतार 1:12 नं, म्हणजे फुटाला 12 फूट लांब, काढला तर लांबी 24 फूट होते. समोर तेवढी जागा मिळणार नाही. बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात बसेल का, ते आत्ताच विचार. फरशी बसल्यावर नाही.

स्वयंपाकघराला मागचं दार पाहिजेच. मागं पाणी आणि निचऱ्यासह धुण्याचा कट्टा, वर पत्रा, शेगडी मांडण्यापुरती जागा. पाहुणे आले की मटणाचं पातेलं तिथंच चढतं आणि रश्श्याचा वास हॉलच्या पडद्यांना लागत नाही. पावसाळ्यात धुणंही तिथंच. झड पश्चिमेकडनं येते, त्या बाजूच्या खिडक्यांवर 2 फुटाचा छज्जा घे. वास्तूवरनं वडिलांशी भांडू नको. चूल आग्नेयेला जात असेल तर जाऊ दे, फक्त त्यापायी जिना आखडू नको.

आता मुख्य काम. आवडलेला नकाशा घेऊन प्लॉटवर जा आणि खोल्या, दारं, जिना खऱ्या मापात फक्कीनं, म्हणजे रेघा मारायच्या पांढऱ्या भुकटीनं, आख. आम्ही हे दुसऱ्या नकाशाला, भावाच्या घरावेळी केलं. वडील प्लास्टिकची खुर्ची घेऊन आपल्या खोलीत बसले, पाय पसरले, तर टाच रेघेपलीकडं न्हाणीत! काही न बोलता त्यांनी चपलेनं रेघ पुसली आणि फूटभर पुढं ओढली. तो फूट हॉलमधनं गेला, कुणाला जाणवलासुद्धा नाही.

रस्ता कुठल्या बाजूला आहे आणि चारपैकी कुठल्या नकाशात जिना किती बाय किती आहे, तेवढं कळव.