हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

ताई, तुम्ही लिहिता की निफाडजवळची वायनरी वडील आणि काका या दोघांच्याच भागीदारीत होती. गेल्या वर्षी मार्चमध्ये, तोडणी ऐन भरात असताना वडील गेले. मृत्युपत्र नाही. आता काका हक्कसोडपत्र घेऊन आलेत, त्यात रकमेची जागा कोरी आहे. "तुझं लग्न झालंय, तुझा काय संबंध? आणि फर्म नोंदवलेलीच नव्हती, कोर्टात जाऊन काही होणार नाही," असंही ते म्हणतात.

सही करू नका. आईंनाही करू देऊ नका.

भागीदार दोनच असले की एकाच्या मृत्यूबरोबर फर्म संपते. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 42 पाहा. करारात काहीही लिहिलेलं असो, एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. नवी फर्म हवी तर वारसांनी आपणहून नवा करार करायला हवा. लग्नाचा तर इथे प्रश्नच येत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित हिश्श्यात आई, तुम्ही, भाऊ आणि आजी असे चौघे समान वारस आहात. आजींचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय, पण त्या काकांच्याही आई आहेत. त्यांच्याशी आजच बोला.

नोंदणीची भीती सोडा. संपलेल्या फर्मचा हिशेब मागायला नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात तशी अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये रद्द केली.

खरा प्रश्न हिशेबाचा आहे. हिशेब न मिटवता काका धंदा चालवताहेत, म्हणून कलम 37 प्रमाणे वारसांना दोनपैकी एक मागता येतं: वडिलांच्या मालमत्तेच्या वापरातून झालेला नफा, नाहीतर त्यांच्या हिश्श्यावर वर्षाला 6 टक्के व्याज. नवी वायनरी बरीच वर्षं तोट्यात असते, तिथे व्याज बरं. पण वडिलांच्या हातची रेड वाईन बॅरलमध्ये मुरत पडली असेल आणि यंदा बाटलीत भरून विकली जात असेल, तर नफा मागणं शहाणपणाचं. कागद बघितल्याशिवाय निवड करू नका.

तो कागद म्हणजे साठ्याची नोंदवही. उत्पादन शुल्क खात्यासाठी ती ठेवावीच लागते. वडील गेले त्या दिवशी कुठल्या टाकीत किती लिटर होतं, त्या पानाची प्रत लेखी मागा. सोबत सातबारा काढा आणि 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा आहे का तेही बघा. वडिलांच्या हयातीतल्या कर्जाची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती राहते. काकांनी नंतर काढलेलं कर्ज तुमच्या माथी येत नाही.

हिशेबाच्या दाव्याची मुदत वडील गेल्या तारखेपासून 3 वर्षं आहे. घरातलं प्रकरण म्हणून लोक थांबतात आणि मुदत हातची जाते, हे मी फार वेळा पाहिलंय.

एक विनंती. रागाच्या भरात परवाना रद्द करा असा अर्ज देऊ नका. वायनरीला सील लागलं तर टाकीतली वाईन खराब होईल, आणि त्यात तुमचाही पैसा आहे. त्याऐवजी हिशेबाची नोटीस पाठवा. ती आईंच्या नावाने जाऊ द्या, आणि येती तोडणी सुरू होण्याआधी.