वाचक विचारतात : लेबलवरचं वजन, खंडेनवमीचा प्रसाद आणि पहाटेचं पाणी

प्रश्न : ताई, सलाम. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. लेबल लावायचं काम माझ्याकडे. लेबलवर ५०० ग्रॅम आणि काट्यावर टॉवेल भरतो ४४०. सुपरवायझर म्हणतात, तू लाव, तुझं काय जातंय. रविवारी चर्चमध्ये उपासनेला बसले की तेच लेबल डोळ्यासमोर येतं. नोकरी सोडू का? घर माझ्याच पगारावर चालतं.

उत्तर : बाळा, सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. उपासनेत ते लेबल आठवतं ना, ते चांगलंच आहे, दाबून टाकू नकोस.

पण कोणाला लबाड म्हणायच्या आधी एक बघून घे. कापूस हवेतला ओलावा धरतो, व्यापारात वजनाचा हिशोब साधारण साडेआठ टक्के ओलावा धरूनच करतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की तोच टॉवेल वीसेक ग्रॅम हलका भरू शकतो, त्यात कोणाचा दोष नाही. म्हणून आठ दिवस वेगवेगळ्या लॉटमधले दहा-दहा टॉवेल काट्यावर ठेव आणि वहीत लिहून काढ. ४८० च्या आसपास येत असेल तर मन शांत कर. पण ४४० च येत असेल तर ती हवा नव्हे, ते खोटं माप. बायबलात नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायाची सुरुवातच खोट्या तागडीनं होते, परमेश्वराला तिचा वीट येतो. आणि वजनमापाचा २००९ चा कायदा आहे, त्यातही खोटं माप हा गुन्हाच.

आता नोकरीचं. येशूच्या आधी योहान संदेष्टा लोकांना बाप्तिस्मा द्यायचा तेव्हा त्याच्याकडे जकातदार आले, शिपाई आले, आम्ही काय करावं म्हणाले. लूकच्या ३ ऱ्या अध्यायात आहे बघ. काम सोडा असं त्यानं कोणालाच सांगितलं नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणाला छळून पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढंच सांगितलं. म्हणून तू पण आधी बोल. चार लोकांत नको, चहाच्या सुट्टीत सुपरवायझरला एकट्याला गाठ, वही दाखव आणि म्हण, साहेब, ४४० चं लेबल छापून घेऊ आणि भाव तसा लावू, ५०० चं माझ्या हातून लागत नाही. नाही ऐकलं तर मालकाकडे जा, कधीकधी मालकाला खरंच माहीत नसतं. तिथंही नाही जमलं तर लेबल सोडून शिलाईला टाका म्हणून माग, आणि दुसरी जागा शोधायला आजपासूनच लाग, हातात जागा आल्याशिवाय ही सोडू नकोस, लेकरं उपाशी ठेव असं प्रभू म्हणत नाही. पाळकसाहेबांना सांग, महिला मंडळात सांग. आजाऱ्यासाठी आपण सगळे प्रार्थना करतो पण कामावर अडकलेल्या बहिणीसाठी दोन ठिकाणी फोन करत नाही, याचा मला फार राग येतो.

माझी आई बिड्या वळायची. पंचवीसची जुडी, बाहेरच्या बिड्या ठासून भरायच्या आणि मधल्या हलक्या ठेवायच्या असं बऱ्याच जणी करायच्या, कारण कारखान्यात छाट म्हणून मूठभर बिड्या बाजूला काढून त्यांचे पैसे कापले जायचे, मग मालक लुटतो तर आपण का नाही. आईनं ते केलं नाही. मी शेजारी बसून जुडीला दोरा बांधायचे आणि ती बांधायच्या आधी मधली बिडी दोन बोटांत दाबून बघायची, मऊ लागली की उकलून परत भरायची. पण छाट तिनं मुकाट्यानं सोसली नाही हं, सूप घेऊन तिथंच जाऊन भांडायची. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते असं याकोबाच्या पत्रात आहे, ते तिला तोंडपाठ होतं.

प्रश्न : मी पॉवरलूमवर आहे, आमचं घर ख्रिस्ती. खंडेनवमीला शेडमध्ये मशीनची पूजा असते. प्रसाद नाही घेतला तर जोडीदार तोंड फिरवतात, घेतला तर घरचे बोलतात. काय करू?

उत्तर : भाऊ, तुम्ही एकटे नाही यात. अरामाच्या राजाचा सेनापती नामान, त्याचं आठवा, बायबलात २ राजे ५. मालक माझ्या हातावर टेकून त्यांच्या रिम्मोन देवाच्या देवळात वाकला की मला पण वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी म्हणाला, तर अलीशा संदेष्ट्यानं त्याला शांतीनं जा म्हणून सांगितलं. म्हणजे पूजा चालू असताना तिथं उभं राहिल्यानं विश्वास बुडत नाही. प्रसादाचं मात्र प्रेषित पौलानं वेगळं सांगितलंय, समोर येईल ते खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका (१ करिंथ १०). मी स्वतः घेत नाही. पण मान वळवून निघूनही जात नाही, हात जोडून सांगते, तुमचा मान आहे, मला तेवढं माफ करा. आणि आदल्या दिवशी लूम पुसायला, शेड झाडायला सगळ्यांच्या आधी हजर राहा, जोडीदाराला ते दिसतं. दसऱ्याला कोणी आपट्याचं पान हातात ठेवून सोन्यासारखे राहा म्हणालं तर मी घेते आणि उलट देते पण, ते माणसामाणसातलं आहे, असं माझं मत. नाताळात आमच्या करंज्या गल्लीत सगळ्यांकडे जातात. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी अभंग-ओवी सोडली नाही, त्यांची भजनं आपण आजही गातो. ख्रिस्ती व्हायला आपल्या माणसांतून उठून जावं लागत नाही.

प्रश्न : दोन लहान मुलं, नवऱ्याची रात्रपाळी, रोजची प्रार्थना होतच नाही ताई. अपराधी वाटतं.

उत्तर : तासभर बसायचं डोक्यातून काढून टाक. भाकरी थापताना प्रभूची प्रार्थना म्हण, मुलं ऐकून ऐकून शिकतात, माझी तशीच शिकली. संध्याकाळी दिवा लागल्यावर एक स्तोत्र, तेही मोठ्यानं वाच, पाच मिनिटं पुष्कळ झाली. आणि चार-पाच दिवसांनी पहाटे नळ येतो तेव्हा तू उठतेसच ना, मोटार लावून बादल्या भरेपर्यंत ती वेळ तुझीच असते. शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या दोन घागरी पण तेव्हाच भरून दे.