समुपदेशन केंद्राची यादी का तुंबते?

प्रश्न : महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्राची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. समुपदेशक तीन, विद्यार्थी साडेचार हजार. येईल त्याला आम्ही पन्नास मिनिटांच्या सत्राची वेळ देतो. परीक्षा जवळ आली की पहिल्या भेटीलाच तीन आठवडे लागतात. चौथा समुपदेशक मिळाला तर प्रश्न सुटेल का?

उत्तर : चौथा समुपदेशक जरूर मागा. समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी आयएसीएस ही संस्था हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक धरते, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. पण त्याने यादी हटणार नाही. नोंदी, तातडीचे प्रसंग आणि सुपरविजन (वरिष्ठांसोबत आपल्या कामाची चर्चा) वगळता एका समुपदेशकाची आठवड्यात साधारण 22 सत्रं होतात, तिघांची 66. दर आठवड्याला येणारे 66 जण झाले की दार बंद. सदुसष्टावा कितीही अडचणीत असला तरी थांबतो.

म्हणून पहिली भेट सत्रातून वेगळी काढा. रोज एका समुपदेशकाचे दोन तास मोकळे ठेवा आणि नव्या विद्यार्थ्याला 24 ते 48 तासांत वीस-तीस मिनिटं भेटा. या भेटीत उपचार करत बसायचं नाही, पुढची वाट ठरवायची. काहींना ही एकच भेट पुरते. परीक्षेची धास्ती, झोपेची तक्रार यांसाठी गट-समुपदेशन चांगलं चालतं. भ्रम-भास, खाण्याचे विकार, व्यसन यांत मानसोपचारतज्ज्ञ लागतोच. तिथे नुसती चिठ्ठी देऊ नका, समोर बसवून वेळ ठरवून द्या, नाहीतर बरेच जण पोचतच नाहीत. उरलेल्यांना सत्रं द्या, पण चौथ्या सत्राला आढावा घ्या आणि जमेल तिथे पंधरवड्यावर न्या.

आता सर्वांत धोक्याची चूक. पहिल्या भेटीत बरीच केंद्रं पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घेतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बेरीज 27 पैकी 8 आली, दहाच्या आत आहे म्हणून कागद फायलीत जातो; नवव्यासमोर पडलेला 1 कुणी पाहतच नाही. ऑनलाइन फॉर्म असेल तर शुक्रवारी रात्री दिलेलं उत्तर सोमवारी उघडतं. फॉर्म केंद्रातच भरून घ्या आणि विद्यार्थी समोर असतानाच आधी नववा प्रश्न पाहा. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर समुपदेशकाने त्याच दिवशी स्पष्ट विचारायचं : जीव द्यावासा वाटतो का, कसं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती निराधार आहे.

‘असं काही करणार नाही’ असं लिहून घेऊन मात्र काहीच साधत नाही. त्याऐवजी दोघांनी मिळून सुरक्षा आराखडा लिहा : मन ढासळायला लागल्याची चिन्हं, स्वतःला सावरायचे उपाय, मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि ठिकाणं, मदत मागता येईल अशी माणसं, तातडीचे क्रमांक, आणि घातक साधन दूर कोण ठेवणार. शब्द विद्यार्थ्याचे असू द्या. जाण्याआधी आराखड्याचा फोटो त्याच्या फोनमध्ये हवा.

प्रश्न : विभागप्रमुख विचारतात, ‘आमचा अमुक विद्यार्थी तुमच्याकडे येतो का?’ काय सांगावं?

उत्तर : विद्यार्थ्याच्या लेखी परवानगीशिवाय ‘येतो’ही नाही आणि ‘येत नाही’ही नाही. एकाबद्दल ‘येत नाही’ म्हणालात की दुसऱ्याबद्दलचं मौनच उत्तर ठरतं. विभागप्रमुखांना काळजी वाटत असेल तर त्यांना काय दिसलं ते जरूर ऐकून घ्या. ऐकण्याला बंदी नाही. जिवाला धोका असेल किंवा कायद्याने सांगणं भाग असेल तरच अपवाद, आणि तो विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगितलेला असावा. हजेरीसाठी दाखला लागला तर विद्यार्थ्याच्याच हातात द्या. नोंदी महाविद्यालयाच्या सामायिक संगणकावर ठेवू नका.