नोकरीतून तीन महिने सुटी काढून बेल्जियममध्ये सायकल शर्यती खेळायला जायचंय. तयारी काय करू?

तुम्ही लिहिलंय की वय 26, पुण्यात नोकरी, सिंहगड चांगल्या वेळेत चढता, बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) झाल्या आहेत, आणि आता फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या उत्तर भागात राहून हौशी शर्यती खेळायच्या आहेत. मी दोन उन्हाळे तिथल्या गेंट शहरात राहून हेच केलं. तुम्ही नक्की जा, पण सिंहगडाच्या वेळेवर भिस्त ठेवून जाऊ नका.

तिथे आपल्यासारख्यांना उतरता येतं त्या शर्यतीला कर्मिसकुर्स म्हणतात. कर्मिस म्हणजे गावजत्रा. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, तशी तिकडे सायकलची शर्यत लागते. नावनोंदणी गावातल्या कॅफेत, साध्या टेबलावर. सायकल शर्यतीचं लायसन्स दाखवायचं, थोडे युरो भरायचे, नंबर घ्यायचा, शर्यत झाली की नंबर परत द्यायचा. बक्षिसाचे पैसेही पहिल्या तिघांपुरते नसतात, बरेच खालपर्यंत वाटले जातात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीन शर्यती सहज मिळतात, त्याही बहुतेक सायकलने किंवा ट्रेनने गाठता येतील अशा.

आता अवघड भाग. गावाभोवती सात-आठ किलोमीटरचा फेरा असतो आणि तो चौदा-पंधरा वेळा मारायचा. एका फेऱ्यात दहा वळणं धरा, म्हणजे शर्यतभरात दीडशेच्या आसपास झाली. वळणावर पुढचे गडी फारसा वेग न सोडता निघून जातात. मागे मात्र गर्दी तुंबते, ब्रेक लागतात, आणि पडलेलं अंतर भरून काढायला पॅडलवर उभं राहून जोर मारावा लागतो. शेपटाला असाल तर असा जोर दीडशे वेळा. माझी पहिली शर्यत पन्नास मिनिटांत संपली. घाटात जसे पाय भरून येतात तसं काही झालंच नव्हतं. दर वळणाला पुढच्याचं चाक दोन हात सुटायचं, मी ते धरायचो, आणि एकदा ते धरता आलं नाही. हिरव्या झेंड्याची शेवटची गाडी तुम्हाला ओलांडून गेली की शर्यत तुमच्यापुरती संपते आणि रस्ता रहदारीला खुला होतो. त्या दिवशी ट्रॅक्टरच्या मागे मागे गावात परतलो. फार वाईट वाटलं होतं.

आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट मारणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली, त्याचा आजही अभिमान वाटतो. चढ आणि लांब पल्ला आपल्या अंगात आहे. पण तिथे माणूस स्वतःच्या लयीत चालवतो. कर्मिसमध्ये लय दुसऱ्याची असते आणि ती दर मिनिटाला बदलते. म्हणून निघण्याआधी चार महिने रविवारी पहाटे चार-पाच मित्रांना घेऊन एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर जा. काटकोनात वळा, वळणातून बाहेर पडताच जोर मारा, पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवा, खांद्याला खांदा लागला तरी हँडल हलू देऊ नका. पायांचा जोर वॅटमध्ये मोजत बसण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

वाऱ्याचा सराव मात्र तिथेच होतो. समुद्राकडून येणारा वारा सपाट शेतांवरून आडवा लागतो, तेव्हा गडी रस्त्यावर तिरकी रांग करतात. तिला 'वायर' म्हणतात, अर्थ पंखा. रस्त्याच्या रुंदीत जेवढे मावतील तेवढ्यांनाच आडोसा. उरलेले कडेच्या गटारीलगत एकामागे एक वाऱ्याशी झुंजत राहतात आणि गळतात. वारा कुठून लागणार हे आधी एक फेरा मारून बघून ठेवा आणि त्या वळणाआधीच पुढे जा. आणखी एक, गावाबाहेरचे बरेच रस्ते काँक्रीटच्या फरश्यांचे असतात. दोन फरश्यांमधली लांबट फट चाक पकडते, ती ओलांडायची तर थोडं तिरकं जा. 28 मिलिमीटर रुंदीचे टायर न्या.

राहायला मी गेंट सुचवेन. विद्यापीठाचं गाव आहे, जुलै-ऑगस्टमध्ये मुलं घरी जातात आणि खोल्या रिकाम्या होतात. जुलैच्या मध्यात दहा दिवस गावात मोठा उत्सव असतो, त्या दिवसांची सोय आधीच करा. स्खेल्डे नदीच्या काठाने सायकलचा सपाट रस्ता थेट औडेनार्डपर्यंत जातो. तिथून पुढे क्वारेमोंट, पाटरबर्ग, कोपेनबर्ग हे दगडी चढ. कोपेनबर्ग जेमतेम 600 मीटरचा, पण एका जागी चढ 22 टक्के. टूर ऑफ फ्लँडर्स ही व्यावसायिकांची मोठी शर्यत 1913 पासून चालू आहे आणि तिच्या वाटेवर स्वतःचं चाक फिरवताना अंगावर काटा येतो. दगड ओले असतील तर मधल्या उंचवट्यावरून चालवा आणि हँडल घट्ट आवळू नका.

जेवणाची काळजी करू नका. घरून छोटा कुकर न्या. गेंटमध्ये स्लेपस्ट्राट या रस्त्याच्या भागात तुर्की दुकानं आहेत, मसूर, चणे, तांदूळ, दही सगळं मिळतं. शर्यतीच्या दिवशी मी तीन तास आधी नुसता दहीभात खायचो.

कागदपत्रांत सहसा दोन ठिकाणी अडतं. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, म्हणून मेअखेर ते ऑगस्ट हा काळ धरा. तेव्हा कर्मिस सर्वांत जास्त असतात. आणि नुसतं भारतीय लायसन्स पुरत नाही, परदेशात खेळायला आपल्या राष्ट्रीय सायकलिंग फेडरेशनचं परवानगीपत्र लागतं. माझ्यासोबतच्या एकाकडे ते नव्हतं, नावनोंदणीच्या टेबलावरून त्याला परत पाठवलं आणि तो दिवसभर कडेला उभा राहून शर्यत बघत होता. प्रवास विमाही नीट वाचा, साध्या पॉलिसीत शर्यतीतली दुखापत बहुधा धरत नाहीत.

माझी पहिली पूर्ण झालेली शर्यत नववी होती. बक्षिसात नव्हतो, पण नंबर परत करताना टेबलामागच्या आजींनी नाव विचारून यादीत बोट ठेवलं आणि पुढच्या रविवारी कुठल्या गावात शर्यत आहे ते कागदावर लिहून दिलं. तीन महिन्यांत तुमच्या पंधरा-वीस शर्यती होतील. सुटीचा अर्ज नंतर टाका, परवानगीपत्राचा आधी.