साठ हजारांचा वॉर्थॉग घेण्याआधी

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीत राहतोस, दीड वर्ष लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो जॉयस्टिकवर सिममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात, उडवतोयस. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये बहुतेक वेळ एटीआर हे छोटं प्रवासी विमान, अधूनमधून डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममधलं फुकटचं एसयू-२५टी. उतरताना नाक वर-खाली होतं, विमान रनवेच्या रेषेत राहत नाही. ६० हजार साठवलेत आणि थ्रस्टमास्टरचा वॉर्थॉग, स्टिक आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) दोन्ही, एका दमात घ्यायचा विचार आहे. घ्यावा का?

माझं मत: आत्ता नको. वॉर्थॉग वाईट आहे म्हणून नव्हे. तुझ्या तक्रारीतली निम्मी स्टिकची नाहीच, आणि उरलेल्या निम्मीवर वॉर्थॉग हे औषध नाही.

आधी आहे ती स्टिक तपास, दहा मिनिटांचं काम आहे. विंडोजमधली यूएसबी गेम कंट्रोलरची जुनी खिडकी उघड, प्रॉपर्टीजमध्ये जा, टेस्टच्या पानावर चौकोनात अधिकचं चिन्ह दिसेल. हात न लावता अर्धा मिनिट नुसतं बघत बस. चिन्ह जागच्या जागी थरथरत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (दांड्याची जागा मोजणारा सेन्सर) घासलाय किंवा त्याच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलीय. मग स्टिक डावीकडे पूर्ण नेऊन हळूच मधे आण आणि सोड. चिन्ह थांबलं तिथं स्क्रीनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लाव. हेच उजवीकडून, पुढून, मागून कर. चारही तुकडे एकमेकांवर आले तर स्टिक ठणठणीत आहे. वेगवेगळे पडले तर गिम्बलमध्ये, म्हणजे दांडा ज्यावर फिरतो त्या सांध्यात, ढिलेपणा आलाय किंवा स्प्रिंग दमलीय. शेवटी ट्विस्ट, म्हणजे दांडा पिळून फिरवायचा अक्ष, तपास. या जातीच्या स्टिकमध्ये बहुधा तोच आधी जातो, कारण दांडा पिळताना हात नकळत एकाच बाजूला जोर देत असतो.

थरथर किरकोळ असेल तर सिममध्ये ३ ते ५ टक्के डेडझोन (मधला पट्टा, जिथं स्टिकची हालचाल धरली जात नाही) देऊन भागतं. पण डेडझोन १० टक्क्यांवर न्यावा लागत असेल तर स्टिक बदलायची वेळ झाली असं समज. मधल्या मेल्या पट्ट्यात काही होत नाही म्हणून हात जास्त ढकलतो, पट्टा संपला की विमान एकदम उसळतं, मग तू उलटा ढकलतोस. नाक वर-खाली होण्याचं एक कारण नेमकं हेच.

खोक्यावरच्या बिटांना भुलू नकोस. तुझ्या स्टिकचे मुख्य दोन अक्ष १०२४ पायऱ्यांचे, वॉर्थॉगचे ६५,५३६ पायऱ्यांचे. ऐकायला फरक डोंगराएवढा. पण स्टिक एकूण ४० अंश फिरते असं धरलं तर १०२४ पायऱ्यांतही एक पायरी ०.०४ अंशाची झाली, तेवढं बारीक माणसाचा हात हलवूच शकत नाही. फरक पडतो तो सेन्सरच्या जातीमुळे. पोटेन्शिओमीटरमध्ये घासणारा संपर्क असतो, तो झिजतो. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये काही घासतच नाही. म्हणून सेन्सर चुंबकी आहे का आणि गिम्बल कशाचा आहे, हे दोनच प्रश्न विचारायचे. तुझ्या स्टिकवर खरोखर तोकडा आहे तो ट्विस्ट, त्याला फक्त २५६ पायऱ्या आहेत.

आता तुझ्या हाताकडे येऊ. एटीआर उतरवताना तू ट्रिम करतोस का, म्हणजे स्टिकवर दाब न देता नाक जागेवर राहील असं विमान लावतोस का? प्रश्नात कुठंच उल्लेख नाही म्हणून विचारतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) खाली गेले, वेग बदलला, पॉवर बदलली, की प्रत्येक वेळी ट्रिम नव्याने करावा लागतो. नाक हवं तिथं स्टिकने धरायचं, धरून ठेवूनच ट्रिम द्यायचा, आणि हातावरचा दाब शून्य झाला की थांबायचं. ट्रिमनेच नाक हलवायला गेलास तर विमान झोके घेत राहणार. स्टिकच्या डोक्यावरच्या चार बटणांपैकी दोन एलेव्हेटर ट्रिमला, म्हणजे नाकाच्या ट्रिमला, दे. कीबोर्डवर हात जात असेल तोपर्यंत हे जमणार नाही. सोबत स्क्रीनच्या कोपऱ्यात फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) लावून ठेव. रनवे जवळ आल्यावर तो २० च्या खाली जात असेल तर तुझा हात आणि चित्र यांच्यात उशीर पडतोय. तिथं हजारोंची स्टिकही झोकेच खाणार, आधी ग्राफिक्स कमी कर.

रेषेत न राहण्याचं मूळ वेगळं आहे. उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूर विमानतळाचा, रनवे ०७-२५ आहे; ०७ म्हणजे साधारण ७० अंशांच्या दिशेने उतरणं. सिममध्ये हवामान हाताने लाव: वारा ३४० अंशांवरून, १० नॉट. ०७ वर उतरताना हा वारा बरोबर डाव्या काटकोनातून येतो. असे दहा लँडिंग कर. ट्विस्टने रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी) देताना मनगट पिळलं की स्टिक थोडी आडवीही जाते, म्हणजे रडर देता देता तू न मागितलेला रोलही (विमान एका पंखावर कलणं) देतोस. यावर इलाज पायात आहे, रडर पेडलमध्ये.

आणि इथंच वॉर्थॉगचा हिशेब फिसकटतो: त्याच्या स्टिकला ट्विस्ट नाहीच. पेडल नसतील तर आज आहे तो रडरही तुझ्या हातून जातो. सगळे पैसे सेटवर घातल्यावर पेडलला काय उरणार? आणखी एक गंमत बघ. वॉर्थॉग ही ए-१०सी या लढाऊ विमानाच्या स्टिक-थ्रॉटलची नक्कल. आपल्या विमानतळावर दिसणाऱ्या एटीआर आणि एम्ब्राएरमध्ये स्टिक नसतेच, योक, म्हणजे स्टीअरिंगसारखं चाक, असतो. वॉर्थॉगच्या थ्रॉटलला रिव्हर्सचा (उतरल्यावर उलटा जोर देऊन थांबायचा) वेगळा पट्टाही नाही, तिथं बटणावर काम भागवावं लागतं. तुझं निम्म्याहून जास्त उड्डाण एटीआरवर असेल तर तू पैलवानाचा लंगोट घालून क्रिकेट खेळायला निघालायस.

वॉर्थॉगचं चांगलं ते चांगलं म्हणायला हवं. ग्रिप धातूची, बटणं ठसठशीत, सेन्सर चुंबकी, दोन्ही मिळून वजन साडेसहा किलोच्या आसपास. थ्रॉटलचे दोन दांडे कडीने एकत्र जोडता येतात, घर्षण कमी-जास्त करायला बाजूला तरफ आहे. हा थ्रॉटल अजूनही दमदार आहे. दुखणं आहे ते स्टिकच्या पोटात. वर धातूचा रुबाब, खाली गिम्बल प्लॅस्टिकच्या गोळ्याचा आणि मोठी जड स्प्रिंग. ग्रीस सुकलं की मध्याजवळ गोळा चिकटतो: हलवायला गेलं की आधी हलत नाही, मग एकदम सुटतो. हवेत इंधन भरताना किंवा शेवटच्या १०० फुटांत हे नको असतं. उपाय म्हणून लोक खोलून साफ करून नायोजेल ७६७ए हे दाट डॅम्पिंग ग्रीस पातळ थरात लावतात. गाडीचं साधं ग्रीस किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारू नकोस. काही प्लॅस्टिक त्याने फुगतं, काहीला तडे जातात.

मग घ्यायचं काय? तपासणीत स्टिक ठीक निघाली तर फक्त पेडल घे. स्टिक गेलीच असेल तर व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हो किंवा त्याहून हलक्या खिशाला थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम बघ. दोन्हींत मुख्य अक्षांना चुंबकी सेन्सर आहेत आणि दोन्हींना ट्विस्ट आहे, म्हणजे पेडल येईपर्यंत अडत नाही. ग्लॅडिएटरचा ट्विस्टही न घासणाऱ्या सेन्सरचा आहे, तो नको झाला की लॉक करता येतो, आणि स्प्रिंगा बदलून स्टिक मऊ-कडक होते. ती अंगाने प्लॅस्टिकची आहे, हातात घेतल्यावर खेळणं वाटेल. वाटू दे. लोखंडाचा मोह आपल्याकडे जरा जास्तच आहे. फक्त प्रवासी विमानंच उडवायची हे पक्कं असेल तर स्टिक सोड आणि हनीकोंबच्या अल्फा योककडे वळ; त्याचं चाक १८० अंश फिरतं. विरपिल, विनविंग वगैरे वरच्या वर्गातले बेस (ग्रिपखालचे तळ) कॅम, म्हणजे स्टिकचा ताण ठरवणारे तुकडे, बदलता येणारे आणि उत्तम असतात, पण ते पुढच्या वर्षीचं गाऱ्हाणं.

पेडलमध्ये थ्रस्टमास्टरचे टीएफआरपी फार जवळजवळ आहेत, गुडघे एकमेकांना लागतात. उंच माणसाने रुंद पेडल बघावेत. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: गुळगुळीत फरशीवर पेडल दाबले की पेडल पुढे आणि चाकाची खुर्ची मागे पळते. पेडलच्या पुढच्या बाजूला भिंत किंवा फळी हवी, आणि खुर्चीच्या चाकांखाली वाटीसारखे रबरी कप. नाहीतर पेडल आणि खुर्ची एकाच प्लायच्या फळीवर बसव, म्हणजे ओढाताण आतल्या आत मिटते.

माउंटवर, म्हणजे स्टिक कशावर बसवायची यावर, थोडं सविस्तर, कारण पैसे न घालता सर्वांत जास्त फरक इथं पडतो. साधं टेबल ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर स्टिक ठेवली की कोपर वर जातं, खांदा ताणतो आणि तासाभरात मनगट जड होऊन हालचाल भरड होते. स्टिक अशी बसव की कोपर काटकोनात राहून हात आडवा यावा: बाजूला असेल तर खुर्चीच्या हाताच्या उंचीवर, मधे असेल तर मांड्यांच्या मधे. परदेशी माउंट मागवण्यात अर्थ नाही, आपल्याकडे उद्यमनगर आहे. ऑइल इंजिनांवर वाढलेल्या पेठेला एक एल आकाराचा ब्रॅकेट म्हणजे चहाचं काम.

पद्धत अशी. स्टिक उलटी कर, तळावर जाड कागद ठेवून भोकांवर पेन्सिल घास, छाप उमटेल. तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवून कापून खुर्चीला लावून बघ, केबल कुठून निघते ते तपास, मगच लेझर कटिंगवाल्याकडे जा. ४ मिलिमीटरची माइल्ड स्टीलची पट्टी पुरते. ३ ची घेतलीस तर कडा वाकवून घे, नाहीतर जोरात ओढल्यावर पट्टी स्प्रिंगसारखी डुलते. कडा घासून घ्यायला सांग. खुर्चीकडची भोकं गोल नकोत, लांबट खाचा ठेव, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे करता येईल. पट्टी आणि तळ यांच्यात पातळ रबर घाल.

यात सगळ्यात महागात पडणारी चूक बोल्टच्या लांबीची आहे. तळाच्या भोकात आटे जिथं संपतात त्याच्या वर बरेचदा सर्किट बोर्ड असतं. लांब बोल्ट पिळला की तो सरळ बोर्डात घुसतो. काडेपेटीतली काडी भोकात घाल, टेकली तिथं नखाने खूण कर, मोज. त्या खोलीतून १ मिलिमीटर वजा कर, पट्टी, रबर आणि वॉशरची जाडी मिळव, तेवढा बोल्ट. हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या पाव फेऱ्याला.

विजेचं बघ. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना जो झटका बसतो त्यात यूएसबी क्षणभर तुटते आणि सिमला स्टिक नवीन वाटते, बटणांना दिलेल्या नेमणुका गायब. छोटा यूपीएस लाव. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची टिक काढ. स्टिक, थ्रॉटल, पेडल तिन्ही एकाच बिनविजेच्या हबवर लादू नकोस. पावसाळ्यात न वापरता ठेवायचं असेल तर कापड झाकून आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाक, प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधू नकोस, ओल आतच कोंडते.

खरेदी शक्यतो भारतातल्या विक्रेत्याकडून, जीएसटीच्या बिलावर. बाहेरून मागवलंस तर छापील किमतीत वाहतूक धर, त्यावर सीमाशुल्क आणि आयजीएसटी धर, कुरिअर केवायसीची कागदपत्रं मागेल. शिवाय बिघडलं तर परत पाठवायचा खर्च तुझा, आणि परत येताना कस्टमशी पुन्हा पत्रव्यवहार. जुना सेट मिळत असेल तर वरची चिकटपट्टीची तपासणी विकणाऱ्यासमोर कर, लॅपटॉप सोबत ने. प्रत्येक बटण आणि हॅटची (अंगठ्याने चारही बाजूंना ढकलायच्या बटणाची) प्रत्येक दिशा दाबून बघ, थ्रॉटलवरची अंगठ्याखालची कर्सरची काडी खास बघ, आणि तळाचे स्क्रू कुणी आधी खोललेत का ते त्यांच्या खाचांवरून कळतं. खोललेले असले तर घाबरू नकोस, ग्रीस कुठलं लावलं तेवढं विचार.

डोळ्यांसाठी मात्र पैसे लागत नाहीत: ओपनट्रॅक हा मोफत प्रोग्रॅम साध्या वेबकॅमवर डोकं ओळखतो. वळणावर रनवे शोधायला हॅट स्विच दाबत बसण्यापेक्षा मान वळवलेली बरी. आज रात्रीच लाव.

आणि पुढे कधी डीसीएसमध्ये ए-१०सी विकत घेऊन तेच उडवायचं ठरलं, तर तेव्हाही पूर्ण सेट घेऊ नकोस. वॉर्थॉगचा थ्रॉटल सुटा मिळतो, तोवर तुझ्याकडे पेडल आणि चुंबकी स्टिक असेल, नुसता थ्रॉटल डाव्या हाताला बसव. ग्रिपची हौस उरलीच तर विरपिलच्या बेसवर वॉर्थॉगची ग्रिप चढते, ती जुनी शोध.