यंदा आमच्याकडे तळण नाही

पितृपक्ष चालू होता. दुपारी अडीचच्या सुमारास एका बाईंचा फोन आला. आवाज साठीतला, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून दाबलेला.

"मॅडम, माझी सून काय करतेय कळत नाही. फेब्रुवारीत तिचं ते बाळ गेलं, नऊ दिवसांचं. आता सोसायटीच्या ग्रुपवर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतेय. पैसे म्हणे कमी दिवसांच्या बाळांसाठी द्यायचे. येईल जाईल त्याला तेच सांगायचं, जखमेवरची खपली आपणच काढायची. तिला थांबवू का?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत असतो. कुणाचा मुलगा गेलेल्या वडिलांच्या नावाने रक्तदान शिबिरं घेत सुटलेला असतो, कुणाची बहीण अपघातात गेलेल्या भावासाठी हेल्मेट वाटत असते. घरच्यांना वाटतं, हे दुःख उगाळणं आहे. त्याच घरच्यांना रात्री वाटतं, की रडायचं टाळण्यासाठी कामात बुडणं आहे. दोन्ही भीती एकाच माणसाच्या मनात एकदम असतात, आणि त्या खोट्या नसतात.

या घरातल्या तिघांनी लिहायला होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि नावं देत नाही. मी काकूंना एवढंच म्हटलं, की तिला थांबवू नका, दोघी मिळून या.

सून आली ती माहिती घेऊनच. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. जगात दहा बाळांमागे साधारण एक. २०२० या एका वर्षात भारतात अशी ३० लाखांच्या आसपास बाळं जन्मली. १७ नोव्हेंबर हा त्यांचा जागतिक दिवस, त्याचा रंग जांभळा, म्हणून फराळाच्या डब्यांना जांभळी फीत. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत उपचार होतात, पण बापाची बुडालेली मजुरी कोण देणार? वीस मिनिटं ती बोलत होती, आणि त्यात एकदाही तिने स्वतःच्या मुलीचा उल्लेख केला नाही.

मी विचारलं, "तुमची किती आठवड्यांची होती?"

"अठ्ठावीस."

"वजन?"

"९८० ग्रॅम." आणि मग ती गप्प झाली.

थोड्या वेळाने तिने पिशवीतून शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. तारीख, फ्लॅट नंबर, अर्धा किलो की किलो, रुपये. कुठे खाडाखोड नाही. काकू म्हणाल्या, "रात्री तीन वाजता उठून बेरीज जुळवते." शेवटच्या पानावर चौकटीत एकच आकडा होता, ९८,०००. मुलीच्या प्रत्येक ग्रॅममागे शंभर रुपये.

"आज किती झालेत?"

"३१,४००."

"आणि ९८ झाले की?"

तिने वही मिटली. "मग संपेल सगळं."

घरच्यांना जे वेड वाटत होतं, ते मला या तीन शब्दांत दिसलं. वही चालू होती तोवर मुलगी रोजच्या व्यवहारात होती. तिच्यासाठी फोन करायचे होते, तिच्यासाठी डबे आणायचे होते. आई म्हणून करायचं जे काम नऊ दिवसांत हातून गेलं, ते वहीत उरलं होतं.

आता त्या दिवशीचं खरं भांडण. काकू हळूच म्हणाल्या, "पण मॅडम, यंदा आमच्याकडे तळण नाही. घरात माणूस गेलंय, वर्ष झालेलं नाही. कढई कशी ठेवायची?"

सून ताडकन वळली. "फेब्रुवारीत तुम्हीच म्हणालात ना आई, दात न आलेल्या बाळाचं काही पाळायचं नसतं? दहावं नाही, तेरावं नाही. मी पोटावर टाके घेऊन घरी आले तर दुपट्यांचं गाठोडं कुणीतरी उचलून माळ्यावर टाकलेलं. पाळायचंच नव्हतं म्हणून कुणी भेटायला आलं नाही. तेव्हा माझ्या मुलीचं सुतक नव्हतं, मग आता कसलं वर्ष?"

काकूंकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही कढई शेवटची कधी ठेवलीत?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "संक्रांतीच्या आसपास असेल. नंतर नाही. गणपतीत तळणीचे मोदक केले नाहीत, उकडीचेच केले. पापडसुद्धा भाजूनच देते."

सात महिने. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुलाला वाटलं होतं, बाबांच्या कोलेस्टेरॉलमुळे बंद केलं असेल. तोंडाने 'पाळायचं नसतं' म्हणणारी ही बाई सात महिने एकटी पाळत होती, आणि ज्या सुनेबरोबर पाळायचं तिलाच ते माहीत नव्हतं. सून त्यांच्याकडे बघत राहिली. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये.

आपल्याकडे मोठं माणूस गेलं की काय करायचं ते ठरलेलं असतं. लोक येतात, पिठलं-भात आणून देतात, तेराव्यापर्यंत घर रिकामं राहू देत नाहीत. नऊ दिवसांच्या बाळासाठी यातलं काहीच नसतं. 'देवाने दिलं, देवाने नेलं', 'अजून वय आहे, दुसरं होईल', एवढ्यावर विषय संपवतात. कुणाला पूर्वापार रीतीबद्दल काही म्हणायचं असेल तर म्हणू दे. मला एवढंच दिसतं, की रीत नसली की माणसं आपापली रीत शोधतात. सुनेने वही काढली, सासूने कढई ठेवणं सोडलं.

मग काम करणं चांगलं की वाईट? मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली, ती मला रोज उपयोगी पडते. शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. एकदा गेलेल्या माणसाकडे, एकदा चालू आयुष्याकडे. ही ये-जा चालू असेल तर काम करणाऱ्याला अडवू नये आणि रडणाऱ्यालाही अडवू नये. म्हणून मी घरच्यांना विचारायला सांगते, की ज्या दिवशी काम नसतं त्या दिवशी काय होतं? रडू येतं, आठवणी निघतात, झोप लागते, तर ठीक चाललंय. ही सून रिकाम्या दुपारी जुळलेली बेरीज पुन्हा जुळवत होती. तिची ये-जा अडकली होती. पैसे जमवणं थांबवायची गरज नव्हती, दुसऱ्या बाजूची वाट मोकळी करायला हवी होती.

आणि झोप-जेवण तुटलं, 'मीही तिच्याकडे जाते' असं तोंडात आलं, दुसऱ्याचं बाळ दिसलं की धाप लागू लागली, तर समुपदेशकावर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. बाळ गेलं म्हणून बाळंतपणानंतरचं नैराश्य येत नाही असं नाही. रात्री-बेरात्री १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुढच्या भेटींमध्ये जे निघालं त्यातलं एक आधी सांगते, कारण ते घरात बोललं जात नाही. बाळ गेल्यावरही दूध येतं. तिला आलं होतं. न्हाणीघरात नळ सोडून ती ते पिळून टाकत होती आणि तिला वाटत होतं, हे फक्त आपल्यालाच होतंय. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली. बाळ गमावलेल्या काही आया असं दूध देतात, काहींना ते सहन होत नाही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या दूध थांबवतात. दोन्ही बरोबर. पण घरी पाठवताना तिला कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

मग अपराधीपणा निघाला. मुलीला छातीशी धरायला मिळालं ते एकदाच, आठव्या दिवशी, चाळीस मिनिटं. नंतर तिने वाचलं, की उघड्या छातीशी बाळ धरण्याची ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला सुरू झाली. जन्मल्याबरोबर अशी सुरुवात केली तर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असं भारतासह पाच देशांतल्या पाहणीत दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये तसंच सुचवलं. "मी पहिल्या दिवशी हट्ट धरला असता तर?" हा प्रश्न रात्री तीन वाजता तिला उठवत होता. जमलेल्या पैशांतून वॉर्डात आयांसाठी खुर्च्या घ्यायच्या, हे त्यातूनच आलं होतं.

'असं मनात आणू नकोस' म्हणणं मला पटत नाही. मी तिला फाइल घेऊन एका नवजात शिशुतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पान-पान बघितलं आणि सांगितलं, की त्या पाहणीत जन्मवजन एक किलोच्या खाली असलेली बाळं घेतलेलीच नव्हती. "तुमची ९८० ग्रॅमची होती, फुप्फुसं तयार नव्हती. त्या चाळीस मिनिटांनी तिला काय दिलं ते मी मोजू शकत नाही, पण आधी न धरल्यामुळे ती गेली असं मी म्हणणार नाही." बाळ लवकर का जन्मलं, याचंही कारण बऱ्याचदा सापडत नाही. स्कूटरवरून गेलीस, पपई खाल्लीस, हे नातेवाइकांचं बोलणं त्यांनी दोन वाक्यांत बाजूला केलं. माझ्या दहा भेटींनी झालं नसतं ते त्या अर्ध्या तासात झालं.

नवरा तिसऱ्या भेटीला आला. पैसे जमवण्यात तो नव्हता, म्हणून त्याला काही वाटतच नाही असं ती धरून चालली होती. सिझेरियनमुळे तिला उठता येत नव्हतं. मुलीला मांडीवर घेऊन स्मशानभूमीत तोच गेला होता, बाबांबरोबर, रिक्षाने. कुठे पुरलं हे तिने कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. "तुला त्रास होईल वाटलं," तो म्हणाला. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला आठवत नसेल." एका रविवारी पहाटे दोघं तिथे जाऊन आले. तिथे काय केलं ते मी विचारलं नाही.

पैशाचंही सांगते, कारण अशा घरांतून हे हमखास विचारलं जातं. आपल्या खात्यावर लोकांचे पैसे जमवू नका. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. गणपती मंडळं कलम ४१ क खाली काढतात तीच परवानगी. रुग्णालयात कुणाच्या हातात रोख देऊ नका. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, काय हवंय ते लिहून घ्या, वस्तू बिलासकट द्या आणि पोच घ्या. वॉर्डातल्या सिस्टरांनी हिला सांगितलं ते तिच्या यादीत नव्हतंच. मागे कलणाऱ्या खुर्च्या हव्याच होत्या, पण पुढून उघडणारे सुती गाऊनही हवे होते. आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी येण्याजाण्याचे पैसे, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा दृष्टिपटल जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो आणि घरी गेलेली आई बसभाड्यापायी परत येत नाही.

राहिला फराळ. तो पेच मी सोडवला नाही, काकूंनी सोडवला. एका भेटीत त्या म्हणाल्या, "मॅडम, भाजणी भाजायला काही हरकत नाही. ते तळण नव्हे." तांदूळ, हरभराडाळ, मूग, उडीद, धणे, जिरं, सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजून, दळून, त्यांनी किलोकिलोची पाकिटं केली. चकल्यांची कढई तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीकडे चढली. काकू तिथे स्टुलावर बसून मोहन किती घालायचं ते सांगत. हात मात्र लावला नाही.

वहीतली चौकट आम्ही खोडली आणि तिथे तारीख लिहिली, १७ नोव्हेंबर. १८ तारखेची सकाळी अकराची वेळ मी तेव्हाच तिच्यासाठी राखून ठेवली. खुर्च्या १७ ला वॉर्डात गेल्या. रक्कम ९८ हजारांपर्यंत पोचली नाही. १८ ला ती आली, वही न घेता, आणि पहिल्या दिवसापासून सांगू लागली. कुठल्या बोटाला ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबचा लाल दिवा होता, कुठल्या सिस्टरच्या आवाजाने मुलगी पाय हलवायची. सहाव्या दिवसापर्यंत आम्ही आलो आणि वेळ संपली. उरलेले तीन दिवस पुढच्या आठवड्यात.

जानेवारीत काकूंचा फोन आला. या वेळी आवाज दबलेला नव्हता, मागे मिक्सर चालू होता.

"मॅडम, फेब्रुवारीत आमच्या नातीला वर्ष होतंय. सून म्हणते, त्या दिवशी वॉर्डातल्या आयांसाठी काहीतरी घेऊन जाऊ. मी म्हटलं, डिंकाचे लाडू नेऊ. डिंक तुपात तळावा लागतो. वर्ष त्याच दिवशी पुरं होतंय, तर कढई आदल्या रात्री ठेवू का त्या दिवशी पहाटे?"

मी म्हटलं, "सुनेला विचारलंत?"

"तिनेच तुम्हाला विचारायला सांगितलं."