रिपोर्टात वय कुठलं धरलंय ते आधी बघा

ताई, लेक ३२व्या आठवड्यात झाली, आता वर्षाची आहे, धरून उभी राहते पण एकटी नाही, आणि सेंटरने 'विकासात विलंब, डीक्यू ६७' असा कागद हातात ठेवला (डीक्यू म्हणजे विकासाचा गुणांक), हे वाचून पोटात गोळाच आला. आमचंही असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही. शेवटी ऐकायचं ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांचंच.

पण रिपोर्टातला वयाचा रकाना बघा. तिथे १२ महिने असेल तर गडबड आहे. अकाली जन्मलेल्या बाळाचं करेक्टेड वय, म्हणजे ड्यू डेटपासून मोजलेलं वय, धरतात, दोन वर्षांपर्यंत तरी. तुमची लेक ८ आठवडे आधी आली, म्हणजे चाचणीपुरती ती साधारण १० महिन्यांची.

आमचा मुलगा ३१व्या आठवड्याचा. चाचणीला नेला तेव्हा १३ महिन्यांचा, करेक्टेड ११. विकासवय, म्हणजे कितव्या महिन्याच्या बाळाएवढं करतो ते, निघालं ९ महिने. डीक्यू म्हणजे विकासवय भागिले वय, गुणिले शंभर. ९ भागिले १३ केलं की ६९, म्हणजे ७०च्या खाली, लागला शिक्का. ९ भागिले ११ केलं की ८२. मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "जन्मतारीख टाकली की सिस्टिम वय आपोआप घेते, आम्हाला बदलता येत नाही." थेरपीचं पॅकेज मात्र तिथल्या तिथे बदलून मिळत होतं, तीन महिन्यांचं, सहा महिन्यांचं! आणि वेळ दिलेली दुपारी दोनची, त्याच्या झोपेची. समोर लाल रिंग, घंटी, कपाखाली लपवलेला ठोकळा. हा डोळे चोळत माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसलेला. 'प्रतिसाद नाही' लिहून चाचणी घेणाऱ्या बाई पुढच्या खेळण्याकडे. तो ६९चा आकडा घरात किती महिने फिरत होता, काय सांगू. जो येईल तो पोराला उभं करून बघायचा.

दोष चाचणीचा नाही हं. 'डॅसी' ही बाळाच्या विकासाची चाचणी आपल्याकडच्याच मुलांवरून बसवलेली आहे, बडोद्याला प्रमिला फाटक यांनी, जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतची. करणाऱ्याला सवड हवी, बाळ जागं आणि पोट भरलेलं हवं. माझं मत विचाराल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोफत आहे. रांग असते, पण आम्हाला तिथे पहिला प्रश्न 'ड्यू डेट काय होती?' हा विचारला.

आता उलट बाजू, नाहीतर लोक म्हणतील मी खोटा धीर देते. वय दुरुस्त करून सगळंच सुटत नाही. एकच हात वापरते, पाय कडक वाटतात, आवाजाकडे वळत नाही किंवा येत असलेलं काही करायचं थांबली, यातलं एकही असेल तर करेक्टेड-बिरेक्टेड विसरा आणि लगेच दाखवा. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती म्हणजे डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि बेरा (ऐकण्याची चाचणी) झाले होते का तेही फाइलीत शोधा. (बेराला बाळ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, गाडीत डुलकी लागू देऊ नका.) थेरपी चालू असेल तर माझ्या सांगण्यावरून बंद करू नका, चालू ठेवण्यात नुकसान काही नाही. आणि वॉकर कुणी भेट दिला असेल तर माळ्यावर टाका.

डिस्चार्ज कार्डावर नेमके किती आठवडे आणि किती दिवस लिहिलेत? 'बत्तीसावा' म्हणजे ३१ पूर्ण की ३२, तेवढ्यानेही फरक पडतो. बघून टाका इथे, हिशेब करून देते.